एप्रिलची कोरडी हवा आणि पहिलं प्रिंटिंग मशीन

नवीन प्रिंटिंग मशीन बसवायला गेलो की पेटी उघडायच्या आधी मल्टिमीटर काढायचा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायचं, हा माझा नियम आहे. २ व्होल्टच्या आत आकडा आला तरच पुढचं काम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या शेडमध्ये आकडा आला ११. शेड जुन्या यंत्रमागांची. निम्म्या जागेत प्लायचं पार्टिशन टाकून प्रिंटिंगसाठी खोली काढलेली, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग अजून चालू होते. मागांसाठी कधीकाळी पुरलेली अर्थिंगची प्लेट जागेवर होती, पण खड्डा उन्हाने पार सुकला होता. प्लेटभोवतीची माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग फक्त नावाला उरतं. आम्ही खड्ड्यातल्या पाइपमधून चार बादल्या पाणी सोडलं, वायरचा गंजलेला जोड घासून पुन्हा आवळला. तासाभराने आकडा १.६ वर आला. उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी घालायचं, हे त्याच वेळी ठरवून टाकलं.

एवढा आग्रह धरण्याचं कारण आहे. व्हिनाइल (छपाईचा चिकट प्लास्टिक कागद) रोलवरून सुटताना आणि मशीनच्या प्लेटवरून सरकताना घर्षणाने स्थिर विद्युत तयार होते. तिला जमिनीत जायला वाट नसेल तर ती हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, बोर्डातून वाट काढते. हेड जळाल्याची तक्रार आली की मी आधी अर्थिंग बघतो, मग हेड.

मालक आजवर कटिंग प्लॉटरवर रेडियमचं काम करत होते आणि फ्लेक्स बाहेरून मारून आणत होते. पहिलं मशीन म्हणून त्यांनी १.६ मीटर रुंदीचं एको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकाच्या शाईचं) घेतलं, ते मला पटलं. १० फुटी सॉल्व्हंट मशीन घेऊन फ्लेक्सच्या दरात उतरायचं तर शहरातल्या जुन्या, कर्ज फिटलेल्या मशीनशी गाठ असते. ५ फुटी मशीनवर व्हिनाइल, सनबोर्ड, वन-वे व्हिजन, बॅकलिट, दुकानाच्या पाट्या अशी जवळून बघितली जाणारी कामं होतात. तिथे गिऱ्हाईक अक्षराची कड बघतं आणि चांगल्या कडेचे पैसेही देतं. मशीनमध्ये एक आय३२०० ई१ हेड होतं: चार रंग, प्रत्येक रंगाला ८०० नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं.

वीजजोडणीत एक गोष्ट हमखास चुकते. अशा मशीनला बहुधा दोन स्वतंत्र इनपुट असतात, एक इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि एक हीटरसाठी. दोन्ही यूपीएसवर टाकले की हीटर चालू होताच यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ऑनलाइन यूपीएसवर, हीटर थेट लाइनवर. लाइट गेल्यावर यूपीएसचं काम एवढंच, की कॅरेज, म्हणजे हेड वाहणारा सरकता भाग, सुखरूप कॅपवर (हेडच्या झाकणावर) येऊन बसावं. कॅरेज मधेच अडकलं आणि हेड उघडं राहिलं तर एप्रिलच्या हवेत शाई वाळायला फार वेळ लागत नाही. कॅरेज हाताने पार्किंगला कसं न्यायचं, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना करून दाखवतो.

मशीन लेव्हल केलं, कॅरेजचा ट्रान्सपोर्ट क्लॅम्प काढला, बीम पुसून घेतला. मग हेड. हेडच्या चपट्या केबल मुख्य स्विच बंद करून, थोडा वेळ थांबून आणि कोरड्या हातानेच लावायच्या. केबल किंचित तिरकी बसली किंवा टोकाला शाईचा थेंब लागला की शॉर्ट झालाच. सॉकेटमध्ये बसल्यावर केबलची पांढरी रेघ सॉकेटच्या कडेला समांतर दिसते का, ते बॅटरीच्या उजेडात पाहायचं. नंतर डँपर, म्हणजे हेडला शाई पुरवणारी छोटी डबी. सिरिंजने शाई ओढून डँपर साधारण दोन-तृतीयांश भरायचा, नळीत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. नट हाताने घट्ट करायचा, पण आतली ओ-रिंग सरकलेली नाही ना, ते आधी बघायचं. शाईच्या टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं आणि वाहतुकीसाठी त्यावर रबरी बूच लावलेलं येतं. ते काढायचं राहिलं तर मीटर-दोन मीटर प्रिंट छान येते आणि मग रंग फिका पडत जातो, कारण टाकीत निर्वात तयार होऊन शाई ओढली जात नाही. त्या वेळी क्लीनिंगवर क्लीनिंग मारून उपयोग नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: दर वेळी तेच नोझल कोरे जात असतील तर ते चोक आहेत, कोरे नोझल वाढत जात असतील आणि मशीन दहा मिनिटं थांबवल्यावर आपोआप भरून येत असतील, तर शाई पोचत नाहीये.

नोझल चेक पूर्ण आला. हेडचा तिरकेपणा आणि बायडायरेक्शनल (जाता-येता दोन्ही दिशांची छपाई), दोन्ही जुळवून झालं. मग मालकांनी दिलेली खरी फाइल लावली, चादरीच्या एका दुकानाची पाटी. आणि इथे दिवसाचा खरा गुंता सुरू झाला.

व्हिनाइलवर काळ्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना बारीक शाईचं धुकं दिसत होतं. मोठ्या अक्षरांत ते खपून गेलं असतं, पण खालच्या पत्त्याच्या ओळीत वेलांट्या आणि अनुस्वार केसाळ झाले होते. मशीन विकणाऱ्यांकडून फोनवर उत्तर आलं, हेड बदलून देऊ. नवीन हेडवर असा शिक्का मारण्याआधी कारणं एकेक करून बाद करायला हवीत. पहिली चाचणी, एकाच दिशेने प्रिंट. धुकं तसंच राहिलं, म्हणजे बायडायरेक्शनलचा दोष नाही; तसा दोष असता तर कडेला स्वच्छ दुसरी सावली दिसली असती. दुसरी चाचणी, हेडची उंची. मटेरियलपासून २ मिलिमीटरची १.५ केली, धुकं थोडं कमी झालं पण गेलं नाही. तिसरी, तीच फाइल स्टार फ्लेक्सवर. ती जवळपास स्वच्छ आली. हेड बिघडलेलं असतं तर त्याने मटेरियल बघून दोष दाखवला नसता.

मग व्हिनाइलच्या रुंदीचा डावा अर्धा भाग ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसला, पूर्ण वाळू दिला आणि संपूर्ण रुंदीवर एकच पट्टी मारली. डावीकडे कड स्वच्छ, उजवीकडे केसाळ. कारण उघड झालं: स्थिर विद्युत. खोलीतल्या आर्द्रतामापकावर १९ टक्के होते, तापमान ३८ अंश.

नोझलमधून मुख्य थेंबामागे अतिसूक्ष्म थेंबही सुटतात. मुख्य थेंब जड असल्याने जागेवर पडतो, हे हलके थेंब मात्र व्हिनाइलवरच्या विद्युतभाराने भलतीकडे ओढले जातात. आर्द्रता ४५-५० टक्के असते तेव्हा पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो आणि भार त्यातून निघून जातो. १९ टक्क्यांना तो जागच्या जागी बसून राहतो. मशीनची अर्थिंग चोख असली तरी व्हिनाइल स्वतः वीजवाहक नाही, त्यामुळे त्यावरचा भार फक्त मशीनच्या सांगाड्यातून उतरत नाही.

शेडवर पूर्वी मागावर काम केलेले एक मामा आता रोल उचलायला, फ्रेम ठोकायला मदत करतात. ते आमची खटपट बघत होते. म्हणाले, "मालक, उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारल्याशिवाय आमचा माग चालायचाच नाही. हवा सुकली की सूत तुटायचं." अगदी बरोबर. कापसाचं सूत ओलाव्याने मजबूत होतं, म्हणून विणाईच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवतात. या गावाला हवेतल्या पाण्याचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नाही. प्रिंटिंगवाल्यांनी ते फक्त शेजारच्या शेडमधून उचलायचं आहे.

हिशोब मांडून बघितला, कारण मालकांना वाटत होतं की यासाठी मोठं यंत्र लागेल. खोली १२ बाय १५ फूट, उंची ९, म्हणजे सुमारे ४६ घनमीटर हवा. ३८ अंशांना १९ टक्के म्हणजे घनमीटरमागे जेमतेम ९ ग्रॅम पाणी. तीच हवा एसीने २८ अंशांवर आणली की पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास येते. ५० टक्क्यांसाठी १३.५ ग्रॅमच्या जवळपास लागतात, म्हणजे खोलीभर मिळून पाव लिटरहून कमी पाणी. अडचण एवढीच, की एसीचं कॉइल ते सतत शोषून घेतं आणि दारातून कोरडी हवा आत येत राहते, त्यामुळे तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर घालत राहावं लागतं. त्याला छोटा ह्युमिडिफायर पुरतो. अल्ट्रासॉनिक असेल तर त्यात आरओचंच पाणी घालावं. बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरी पूड होऊन खोलीभर पसरतात आणि कॅरेजची जागा मोजणाऱ्या एन्कोडरच्या पट्टीवर बसतात. डेझर्ट कूलर मशीनकडे तोंड करून लावायला माझा ठाम विरोध आहे. त्याचा झोत थेंब हलवतो आणि धूळही आणतो. पार्टिशनच्या फटीतून शेजारच्या मागांचे कापसाचे तंतू येत होतेच. असा एक तंतू हेडला चिकटला की प्रिंटभर शाईची रेघ ओढत जातो. फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या, दाराला पडदा लावला.

खोली बंद करताना वाफेचा विचार सोडायचा नाही. एको-सॉल्व्हंट म्हणजे वास नसलेली शाई, असा समज पसरला आहे, पण त्यातही द्रावक असतो. प्रिंट वाळते त्या बाजूला खाली एक छोटा एक्झॉस्ट हवाच.

ह्युमिडिफायर येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून ओली पोती भिंतीलगत पसरली, एसी २८ वर ठेवला आणि रोल सोडण्याच्या दांडीजवळ तांब्याच्या तारांचा अँटिस्टॅटिक ब्रश लावून त्याची वायर अर्थिंगला जोडली. मटेरियलच्या मागच्या बाजूला सैल झोळ ठेवला, म्हणजे ओढ कमी. संध्याकाळपर्यंत मापक ४४ टक्के दाखवत होता. तीच फाइल, तेच हेड, ६ पास (हेडच्या सहा फेऱ्यांत एक पट्टा): अनुस्वार गोल आले.

हीटरही खाली आणले. मशीनच्या पुस्तकात प्रिंट हीटर ४५ अंश दिलेला होता. इथल्या उन्हाळ्यात तो ४० पुरतो, आधीचा ३८, नंतरचा ५०. जास्त तापलं की व्हिनाइलला लाट येते आणि हेड त्यावर घासतं.

यानंतर स्टेप, म्हणजे दर फेरीला मटेरियल किती सरकतं तो आकडा. प्रिंटमध्ये पांढरी रेघ दिसली तर मटेरियल जास्त सरकतंय, गडद रेघ दिसली तर कमी. हा आकडा व्हिनाइलचा वेगळा, फ्लेक्सचा वेगळा, वन-वेचा आणखी वेगळा. भरलेल्या ५० मीटरच्या रोलची ओढ आणि संपत आलेल्या रोलची ओढ यांतही फरक पडतो, म्हणून लांब काम लावण्याआधी फूटभर पट्टी काढून बघणं स्वस्त पडतं. शाई चौरस मीटरला साधारण १० मिलिलिटर जाते, म्हणजे अशी पट्टी काही मिलिलिटरमध्ये होते.

पाटीची फाइल कोरलमध्ये होती. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की जोडाक्षरं विस्कटतात, त्यामुळे रिपला (छपाईसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला) पाठवण्याआधी सगळं कर्व्ह करायचं, म्हणजे अक्षरांची चित्रं करायची, आणि फोटो प्रत्यक्ष मापाला १०० डीपीआय पुरे. पाटी १२ बाय ३ फुटांची. लांबून वाचायचा अंदाज घेताना १० फुटांना १ इंच उंची धरतात, पण देवनागरीत ती शिरोरेषेपासून खालच्या अक्षराची मोजावी, मात्रा-उकार धरून नव्हे. रस्त्यापलीकडून १०० फुटांवरून वाचायचं तर अक्षराचं अंगच १० इंच हवं. मात्रा आणि उकार त्याच्या वर-खाली आणखी जागा घेतात, त्यामुळे ३ फुटांत दोन ओळी कोंबायचा मोह टाळला. मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान चालत नाही. राज्याच्या दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीपासून हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. पूर्व भागात तेलुगू नावही हवं असतं, तेव्हा मापं सुरुवातीलाच ठरवून घ्यावीत. पाटी एसीपीवर (अॅल्युमिनियमच्या थराच्या शीटवर) बसणार होती आणि शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणून ६-६ फुटांचे दोन तुकडे धरले आणि मधला जोड दोन शब्दांच्या मोकळ्या जागेत आणला.

१४ एप्रिल तोंडावर होती, त्यामुळे निळ्या रंगाची कामं रांगेत होती. सायन १०० आणि मॅजेन्टा १०० दिलं की निळा जांभळा छापतो. मॅजेन्टा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी खाली ठेवायचा. आम्ही ५०, ६० आणि ७० च्या तीन पट्ट्या मारून उन्हात नेऊन बघितल्या आणि ६० ठेवला. ट्यूबलाइटखाली निळा ठरवू नये.

रात्री बंद करताना वायपर आणि कॅपची कड क्लीनिंग सोल्युशनने पुसली, कॅपमध्ये थोडं सोल्युशन ठेवून हेड बसवलं. दार बंद करताना पोती पुन्हा भिजवली. पाटीच्या प्रिंटवर लॅमिनेशन मात्र त्या दिवशी केलं नाही. द्रावक पूर्ण उडायला किमान २४ तास लागतात. घाई केली तर तो फिल्मखाली अडकतो, गोंद मऊ पडतो आणि पुढे कडा सुटतात. प्रिंट घट्ट गुंडाळून ठेवली तरी वाफ आतच राहते, म्हणून सैल गुंडाळी करून उभी ठेवली आणि मालकांनी गिऱ्हाइकाला पाटी परवा मिळेल असं कळवलं.