तुम्ही विचारलंत म्हणून : जाहिरातीशिवाय आंबा कसा विकला जातो?

देवगडच्या आमच्या बागेतला हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातो आणि त्यासाठी आम्ही इंटरनेटवर पैसे देऊन जाहिरात करत नाही, हे कळले की इतर बागायतदार, विशेषतः नव्याने बाग हाती घेतलेली तरुण मुले, हमखास विचारतात, ‘मग गिऱ्हाईक येते कुठून?’ ज्यांनी एकदा आमचा आंबा खाल्ला ते दुसऱ्यांना सांगतात, एवढेच त्याचे उत्तर आहे. परंतु माणसे आपणहून दुसऱ्याला का सांगतात, हे समजल्याशिवाय त्या उत्तराचा कोणाला उपयोग होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पेटी वाशीच्या बाजारात गेली की दलालाकडून पट्टी येते. भाडे, हमाली आणि तोलाई वजा जाऊन हातात किती पडले ते त्या पट्टीवरून कळते. पण आंबा कोणाच्या घरी गेला, तो गोड लागला की आत खराब निघाला, हे बागायतदाराला कळत नाही आणि खाणाऱ्यालाही बागायतदार कोण ते ठाऊक नसते. 2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली, तेव्हा कोकणातल्या अनेकांनी शहरांतल्या गृहसंकुलांत थेट पेट्या पोहोचवल्या. व्हॉट्सॲपच्या गटांवर मागण्या गोळा झाल्या, गाड्या भरल्या गेल्या आणि हा रस्ता चालण्यासारखा आहे हे सर्वांच्या लक्षात आले. पुढच्या हंगामांत मात्र त्याच गटांवर इतक्या जणांचे ‘अस्सल देवगड’ येऊन पडू लागले, की कोणावर विश्वास ठेवावा हेच लोकांना कळेना.

हा अविश्वास रास्त आहे. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही परराज्यातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात भरून विकला जातोच. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास बंदी आहे, पण समोरच्या आंब्याचा नुसता पिवळाधमक रंग पाहून तो कसा पिकवला हे घरच्या माणसाला सांगता येत नाही. आणि साका तर आम्हा बागायतदारांनाही बाहेरून दिसत नाही. सालीवर डाग नसतो, वास उत्तम येतो, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघतो. अशा मालाची जाहिरात कितीही देखणी केली तरी वाचणाऱ्याच्या मनातली शंका जात नाही, कारण विकणारा आपल्या मालाला चांगलेच म्हणणार हे त्याला ठाऊक असते. तीच गोष्ट शेजारणीने सांगितली की शंका जाते, कारण त्या शेजारणीने आपला शब्द पणाला लावलेला असतो. आमच्या सगळ्या विक्रीचा पाया हा तिचा शब्द आहे आणि तो खाली पडू न देणे हेच आमचे मुख्य काम आहे, असे मी मानतो.

त्यासाठी जे ज्ञान विकणारा सहसा हातचे राखतो, ते आम्ही आधी देऊन टाकतो. मार्चमध्ये पहिल्या पेटीचा फोटो पाठवतानाच लिहितो की सध्या भाव चढा आहे. घरात कार्य किंवा पूजा नसेल तर एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत थांबा, फळ तेवढेच चांगले आणि स्वस्त मिळेल. आंबा कच्चा पोहोचला तर त्याची अढी कशी घालावी, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर एकेरी थर कसा लावावा, रोज फळे वरखाली करून तयार झालेली कशी वेगळी काढावीत, पुरते पिकण्याआधी फ्रीजमध्ये का ठेवू नयेत, हे सर्व लिहून पाठवतो. इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवलेला आंबा कायद्याने चालतो आणि तो वायू पिकताना फळ स्वतःही सोडते, हेही सांगतो. आम्ही पेंढ्यात पिकवतो म्हणून दुसऱ्यांच्या आंब्याविषयी भीती पसरवणे आम्हाला योग्य वाटत नाही. हे मजकूर वाचून कित्येक जण आंबा दुसरीकडून घेतात. घेऊ देत. पुढे कोणी त्यांना आंब्याविषयी विचारले की त्यांच्या तोंडी आमचे नाव येते.

गेल्या हंगामात कोथरूडच्या एका काकूंनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला. दोन्ही फोडींत बाठ्याभोवती पांढरा गर होता. आम्ही त्यांना कळवले, ‘काकू, हा साका आहे. उन्हाळ्यात जमीन तापली की हा प्रकार वाढतो, आणि फळ न कापता तो आम्हाला ओळखता येत नाही. त्या पेटीत असे जितके निघतील तितक्यांचे पैसे परत करू, फक्त आकडा सांगा. आंबे परत पाठवण्याची गरज नाही.’ काकूंनी हे उत्तर जसेच्या तसे आपल्या संकुलाच्या गटावर टाकले. त्याखाली लोकांनी साक्याविषयी प्रश्न विचारले, आम्हाला कळवून काकूंनीच त्यांची उत्तरे दिली, आणि पुढच्या आठवड्यात त्या इमारतीतून मागण्या आल्या.

मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे पडून माल कमी येतो, त्या वर्षी आम्ही शेजारच्या बागायतदारांचे क्रमांक देतो. त्यांच्याकडून मोबदला घेत नाही. ज्या काका-काकू संकुलातून मागणी गोळा करतात त्यांनाही पेटीमागे कमिशन देत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण कमिशन सुरू झाले की त्यांचा शब्द विकत घेतलेला ठरतो आणि ते शेजाऱ्यांना समजल्यावाचून राहत नाही. त्यांचे आभार मानावेत, हंगामाअखेरीस रसाची बाटली पाठवावी, ते वेगळे.

तंत्राची एक बाब मात्र नीट समजून घ्यावी. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीतून, पाठवलेला संदेश ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो. त्यामुळे विकत घेतलेल्या क्रमांकांची लांबलचक यादी तिथे निरुपयोगी ठरते. शिवाय फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण येते, आणि ती दिसली की पाहणारा तो न वाचताच पुढे जातो. म्हणून ‘हा संदेश पुढे पाठवा’ असे आम्ही कधीही लिहीत नाही.

हा मार्ग सर्वांना पुरेल असे नाही. ज्यांचा माल रोज ट्रकने निघतो त्यांना बाजार समिती सोडून चालणार नाही, आणि आमचाही सुरुवातीच्या हंगामांत बहुतेक आंबा वाशीलाच जात होता. तोंडी शिफारस पसरायला वर्षे लागतात. बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी नवे गिऱ्हाईक शोधू नये, गेल्या वर्षी ज्यांनी पेटी घेतली त्यांना मोहोर दिसताच एक संदेश पाठवावा. त्यात भाव लिहू नये. यंदा मोहोर कसा आला, थंडी पुरेशी पडली का, अवकाळी पावसाने किती गळ झाली आणि पहिला आंबा साधारण कधी उतरेल, एवढेच खरे खरे लिहावे, आणि कोणी काही विचारले तर त्याच दिवशी स्वतः उत्तर द्यावे.