कळवणाऱ्याचं नाव

गुरुवार, रात्री साडेदहा

फॉर्म भरून झाला. एक रकाना राहिला.

आपल्या अंत्यसंस्काराची सोय आधीच करून ठेवता येते, त्या कंपनीचा मुलगा दुपारी येऊन गेला. कामाला येणारी सुनंदा गेल्यानंतरची वेळ मी मुद्दामच दिली होती. बूट बाहेर काढले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाला. मला वाटलं होतं, हे लोक आवाज पाडून, डोळे खाली करून बोलत असतील. तो गॅस एजन्सीचा माणूस बोलतो तसा साधा बोलला. बरं वाटलं.

दोन पानांत सगळं मावलं. लाकूड, विद्युतदाहिनी की गॅस? मी लगेच गॅस म्हटलं. एका चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, माझ्या एकटीसाठी ते नको. बांबू, कडबा, सुतळी, मडकं, पांढरं कापड, तुळशीचा हार. शववाहिनी. चार खांदेकरी. गुरुजी हवेत का, हवेत तर किती दिवसांचे विधी? महापालिकेचा पास ते काढणार. अस्थी आळंदीला की नाशिकला रामकुंडावर? मी आळंदी लिहिलं, ह्यांच्याही तिथेच. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, तीही तेच करणार आणि दाखला घरपोच देणार. घरपोच म्हणजे कुणाच्या घरी, हे तेव्हा मनात आलं नाही. एकूण 42,000 रुपये, दोन हप्त्यांत. चेक लिहून ठेवला होता.

मग तो रकाना आला. ‘निधनाची माहिती कळवणाऱ्या व्यक्तीचे नाव, नाते व मोबाइल क्रमांक.’

मी म्हटलं, ‘हे कशाला? पैसे तर मी भरतेय.’

तो म्हणाला, ‘पण काकू, आम्हाला कळणार कसं?’

त्याने सहज विचारलं. त्यात वावगं काही नव्हतं. तरी संध्याकाळपासून ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. दिवा लावताना तेच, पोळी भाजताना तेच. रकाना नंतर भरून देते म्हणून मी फॉर्म ठेवून घेतला आणि तो गेल्यावर कपाटात साड्यांखाली सारला. का सारला? घरात मी एकटी आहे.

माझ्या लेकीचं, मीनलचं नाव लिहायला हरकत काय, असं वाटेल. पण मीनलला कोण कळवणार? तिला कळेल ते कुणीतरी इथून सांगितल्यावर. तिथे परदेशात बसून ती इथली खबर कशी देणार? भावजींना आताशा फोनची रिंगच ऐकू येत नाही. समोरचा फ्लॅट भाड्याने जातो, दर अकरा महिन्यांनी नवी मुलं. चांगली आहेत, लिफ्टचं दार धरतात. त्यांना माझं आडनाव पाटीवरून माहीत असेल.

मोबाइलमधली सगळी नावं वर-खाली केली. दोनशे बारा नावं निघाली. त्यात प्लंबर, रद्दीवाला, दोन दातांचे डॉक्टर, आणि जे आता नाहीत पण ज्यांचे नंबर पुसवत नाहीत असे सात जण.

आषाढात ताप आला तेव्हा चार दिवस मी ग्रुपवर सकाळचा नमस्कार टाकला नव्हता. पाचव्या दिवशी एकीने विचारलं. म्हणजे चार दिवस. हे मी तेव्हाही मोजलं होतं, आज पुन्हा मोजलं. रडू आलं ते आलंच, इथे लपवत नाही.

हे सगळं करायचं ठरवलं ते एप्रिल 2021 नंतर. त्या दिवसांत पुण्यातल्या दाहिन्या रात्रंदिवस चालू होत्या. ह्यांना कुणी नेलं, कुणी उचललं, तोंडात तुळशीपत्र कुणी ठेवलं का, यातलं काहीच मला माहीत नाही. पहाटे पावणेचारला फोन आला. कुणी तरुण मुलगा होता. त्याने ह्यांचं पूर्ण नाव दोनदा घेतलं, माझंच माणूस ना याची खात्री करायला. मग थांबला. नंतर म्हणाला, ‘तुमच्याजवळ कुणी आहे का आत्ता?’ मी हो म्हटलं. नव्हतं कुणी.

त्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही. त्या रात्री त्याने असे किती फोन केले असतील. पण ह्यांच्या जाण्यातलं जे एकच मला कुणीतरी नीट, माणसासारखं दिलं, ते त्या मुलाने दिलं. बाकीचं लिहीत नाही.

म्हणूनच ठरवलं होतं की आपलं सगळं आपण आधी लावून ठेवायचं. कुणाला धावपळ नको, कुणाचा खर्च नको. मीनलने तिकडून विमान पकडून येईपर्यंत कुणी बर्फ शोधत फिरायला नको. 2022च्या नोव्हेंबरात दिल्लीला प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळाव्यात अशा एका कंपनीचा स्टॉल लागला होता, सजवलेल्या तिरडीसकट. तो फोटो आमच्या ग्रुपवर आला तेव्हा किती हसले सगळे. आता खांदेकरीही भाड्याने, काय दिवस आले! त्यांची योजना 37,500 रुपयांची होती. मला हसू आलं नव्हतं. मी तो फोटो जपून ठेवला होता.

भावजींचं म्हणणं होतं, एवढे पैसे कशाला घालवतेस, देहदान कर, निदान नेत्रदान तरी. मला पटलं होतं. नेत्रदानाची माहितीही आणली. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा, म्हणजे बुबुळ सुकत नाही. देहदानाचा अर्ज भरून ठेवला तरी ऐनवेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, तेच फोन करतात, तेच नकारही देऊ शकतात.

तेव्हा हे वाचून कागद फाइलला लावला. आज पुन्हा काढला. मी रात्री पंखा लावून झोपते. सुनंदा सव्वाआठला येते. मी रात्री अकराला गेले तर पहाटे पाचपर्यंत. साडेबाराला गेले तर साडेसहापर्यंत. सव्वादोनच्या नंतर गेले तरच डोळे कुणाच्या उपयोगी पडणार. बाराही महिने, कुठल्याही रात्री, पंखा बंद करायला या घरात कुणी नाही.

दिवा मालवते आता. पंखा चालू ठेवूनच.

—

शुक्रवार, पहाट

झोप लागली नाही. आजीची ट्रंक आठवत राहिली.

हिरवी पत्र्याची, माजघरात फळीखाली असायची. त्यात एक पांढरं पातळ, तोंड झाळून बंद केलेली गंगेची तांब्याची लोटी, आणि फडक्याच्या गाठीत पैसे. वैशाखात आजी ते पातळ उन्हात घालायची. ओटीवर आम्ही मुलं पत्ते खेळत असायचो आणि शेजारी दोरीवर आजीच्या मरणाचं पातळ वाळत असायचं. कुणालाच त्यात वेगळं काही वाटत नसे. एकदा मी त्याच्या सावलीत झोपून गेले होते.

‘कुणाला भुर्दंड नको माझा,’ असं ती म्हणायची. अगदी माझंच वाक्य. म्हणजे माझ्या तोंडात तिचंच आलं असणार.

ती गेली 1974च्या श्रावणात. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. काका डोक्यावर घोंगडी घेऊन वाडीवर सांगायला गेला. आणि मग घरटी एक लाकूड आलं. पावसाळ्याची म्हणून जपून ठेवलेली, पडवीतली, माळ्यावरची सुकी लाकडं, स्वतःच्या चुलीची. पोत्याखाली झाकून, खांद्यावर घालून माणसं येत राहिली. ज्यांच्याशी आमचा बांधावरून वाद होता, त्यांच्याकडचंही आलं, आणि आंब्याचं चांगलं जाड ओंडकं होतं ते. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही, शेजारून पिठलं-भात आला.

दिवस झाल्यावर आईने ती गाठ सोडली. एकशे अकरा रुपये निघाले. कशालाच लागले नव्हते. आईने मोजले आणि गाठ पुन्हा तशीच मारून ठेवली. मला ते दृश्य स्वच्छ आठवतं. का ठेवली असेल, हे तिला कधी विचारलं नाही.

पण पहाटे मनात आलं ते वेगळंच. आजीची ट्रंक अख्ख्या वाडीला ठाऊक होती. लोटी कुठे, पातळ कुठे, गाठ कुठे, हे ती मुलांनासुद्धा दाखवून ठेवायची. ‘मी डोळे मिटले की आधी लोटी फोडा रे, शोधत बसू नका.’ तिने पैसे बाजूला ठेवले तेही सगळ्यांना सांगून. आणि मी? सुनंदा नसताना माणूस बोलावला. मीनलला एका शब्दाने सांगितलं नाही. फॉर्म साड्यांखाली.

देवळातल्या गुरुजींनी एकदा सांगितलं होतं, गयेला स्वतःचा पिंड स्वतःला देता येतो, त्यात तीळ घालत नाहीत. संन्यास घेणाराही आधी स्वतःचं श्राद्ध उरकतो. मला ते फार आवडलं होतं. सगळे हिशेब मिटवून मोकळं व्हायचं. पण त्या संन्याशालाही समाधी देणारे हात दुसऱ्याचेच. हे आज सुचलं.

आणि तरीही तो रकाना रिकामाच आहे. आजीकडे काका होता.

—

शुक्रवार, दुपार

सांगून टाकलं सुनंदाला.

ती भांडी घासत होती. मी ओट्याशी उभी राहून विचारलं, ‘मी एखाद्या सकाळी दार उघडलं नाही तर काय करशील गं?’

‘किल्ली आहे की माझ्याकडं.’

‘आणि आत आल्यावर?’

तिने नळ बंद केला. हात न पुसताच वळली. ‘काय झालंय काकू? डॉक्टरकडं गेला होता का?’

नाही म्हटलं, आणि मग फॉर्म आणून दाखवला. ती फरशीवर बसली, मीही खाली बसले. ती हळू वाचते, बोट ठेवून. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मला वाटलं रडेल किंवा असलं काही बोलू नका म्हणेल. ती म्हणाली, ‘बेचाळीस हजार म्हणजे जास्तच.’

मग तिने त्यांच्या वस्तीतलं सांगितलं. मयतीची वही असते. कुणी गेलं की घरटी शंभर रुपये, त्याच रात्री. दोन मुलं ठरलेली आहेत, त्यांना पास कुठे काढायचा, गाडीला फोन कुठे लावायचा, सगळं पाठ. तिच्या सासूच्या वेळी तिला घरातून एक पैसा काढावा लागला नव्हता. ‘मग पुढं आपण भरायचं, ज्याच्या घरी होईल त्याच्या. चालूच राहतं ते.’

मी विचारलं, ‘तुझं नाव लिहू इथे?’

किती जड गेलं विचारायला! नऊ वर्षं ती घरात येते, किल्ली तिच्याकडे आहे. तरी असं वाटलं की आपण पदर पसरतोय.

‘लिहा ना,’ ती म्हणाली. ‘पण मी ह्या कंपनीवाल्यांना आधी फोन नाही लावणार. आधी मीनलताईला सांगणार. मग खालच्या काकांना वर बोलावणार. मग हे गाडीवाले. पोरीच्या आधी गाडीला कळवायचं, असं असतं का कुठं?’

मी काही बोलले नाही. ती पुढे म्हणाली, ‘आणि ताईचा नंबर कुठंय माझ्याकडं?’

खरंच नव्हता. नऊ वर्षांत दिलाच नव्हता. मीनल हिच्याशी माझ्या फोनवर बोलते, हिच्या मुलाला तिने सॅक पाठवली, पण नंबर नाही.

कॅलेंडरचं मागचं पान फाडून मोठ्या आकड्यांत लिहून दिला, तिकडचा कोड धरून. तिथे केव्हा रात्र असते तेही लिहिलं. ‘रात्र असली तरी लावायचा,’ असं म्हटलं. ती म्हणाली, ‘ते काय सांगायला पाहिजे?’ मग डोळ्यांचं सांगितलं. उशी, ओला कापूस, पंखा. तिने एकदा ऐकलं आणि मला परत म्हणून दाखवलं, न चुकता. वेळेचं सांगितलं तेव्हा जरा गप्प राहिली. म्हणाली, ‘रात्री झोपताना खालच्या काकूंना एक मिस कॉल देत जा, सकाळी उठल्यावर एक. मी बोलते त्यांच्याशी.’ मी नको म्हणणार होते. जीभ उचललीही होती. पण म्हटलं नाही.

कागदाची चौकोनी घडी करून तिने मोबाइलच्या कव्हरमागे घातली. तिथे तिच्या मुलाचा शाळेचा फोटो होता, त्याच्या मागे. मग उरलेली भांडी घासली आणि गेली.

रकान्यात तिचं नाव आणि नंबर लिहिला. ‘नाते’ अजून कोरं आहे. चेक अजून दिलेला नाही, दोन दिवस थांबेन.

रविवारी रात्री साडेआठला मीनलला फोन करायचा आहे, तिच्याकडे सकाळ असेल. ती चिडेल आधी. चिडू दे. सुनंदाचा नंबर तिला लिहून घ्यायला सांगायचा आहे. तिच्याकडेही नाही तो.