कोणता गिटार प्रोसेसर घ्यावा, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"सर, बारा-पंधरा हजारांत कोणता प्रोसेसर घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. प्रोसेसर म्हणजे गिटारच्या आवाजाला हवे ते रूप देणारे, पायाने चालवायचे खोके. माझ्या गिटारच्या क्लासमधील मुले विचारतात, त्यांचे वडील विचारतात, आणि कार्यक्रम संपल्यावर मी केबल गुंडाळत असताना मंचाच्या कडेला येऊन अनोळखी माणसेही विचारतात. त्यांतला एखादा चौकस माणूस प्रश्नाला शेपूट जोडतो: "तुमच्या खोक्यात दोनशे आवाज आहेत म्हणे, मग तुम्ही चारच का वापरता?" मी आजवर ज्याला जसे सुचेल तसे उत्तर दिले. त्यांतली दोन उत्तरे तर एकमेकांच्या साफ विरुद्ध होती, हे आता काही जणांच्या लक्षात आले आहे आणि ते मला तोंडावर ऐकवतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून मोकळा होतो.

झूम चांगला की बॉस, की मुअर, व्हॅलेटन, न्यूक्स या कंपन्यांपैकी एखादीचा, या वादात मला आता गोडी उरलेली नाही. मी महाविद्यालयात असताना एका मित्राकडून महिनाभरासाठी झूम ५०५ मागून आणला होता. चोवीस पॅच (साठवून ठेवलेले आवाज), दोन बटणे आणि उचलताना मोडेल की काय अशी धास्ती वाटावी असे प्लास्टिकचे अंग. तरीही तो महिना मी जमिनीवरून चाललो नाही. आज स्वस्तातला स्वस्त प्रोसेसर त्याच्या कितीतरी पुढे आहे. बॉसचा जीटी-१ हा २०१६ साली आलेला प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात ९९ तयार व ९९ आपण केलेले आवाज राहतात. प्रत्येक कंपनीच्या यादीत नकलाही बहुतेक त्याच त्या अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांच्या, असतात. रोलंडचा १९७५ सालचा जॅझ कोरस हा अँप वेगळ्या नावाने सापडला नाही, असे क्वचितच होते. तेव्हा "यात जास्त आवाज आहेत" हे ऐकून कोणी खोके निवडत असेल, तर मला तो माणूस फार ओळखीचा वाटतो. २०१७ साली तो मीच होतो.

त्या वर्षी श्रावणात मी नवा प्रोसेसर घेतला. बिलावरची किंमत आणि घरी सांगितलेली किंमत यांत चार हजारांचा फरक होता, हेही लिहून टाकतो. गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचे नऊ कार्यक्रम ठरले होते. घरचे झोपले की वरच्या खोलीत हेडफोन लावून मी आवाज तयार करीत असे. सलग सात रात्री मी हेच केले. खर्ज वाढवला, वरची धार वाढवली, मधला भाग जवळजवळ शून्यावर आणला. प्रत्येक सुराखाली समुद्र पसरावा इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला. रात्री दीड वाजता ते इतके सुंदर वाटत असे की एकदा मी स्वतःच्याच आवाजाने हेलावलो होतो. हे लिहिताना आता लाज वाटते, पण ते खरे आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या सांगलीच्या तालमीच्या खोलीत तो प्रोसेसर मी तिथल्या अँपला जोडला, तेव्हा गोधडीखालून यावा तसा आवाज आला. कारण साधे होते. प्रोसेसर स्वतः स्पीकरच्या पेटीची नक्कल करून आवाज बाहेर पाठवीत होता आणि पुढे पुन्हा खरी पेटी होती. एकावर एक अशा दोन पेट्या झाल्या होत्या. मी सेटिंगमध्ये जाऊन ती नक्कल बंद केली, आवाज उघडला, सगळे खूश झाले. त्या खोलीपुरते ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी वाळवा तालुक्यातील एका गावी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. पाऊस संध्याकाळपासून थांबला नव्हता. ताडपत्रीत साठलेले पाणी पोरे बांबूने ढकलून पाडत होती, जनरेटर मध्येच घोगरा होत होता, आणि आवाज तपासण्यासाठी ठेवलेला तास पावसातच गेला. तिथे अँप नव्हता. माझी केबल थेट मिक्सरला गेली आणि ती पेटीची नक्कल मी बंद केली होती, याची मला आठवणही झाली नाही. गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे बहुतेक सगळे गाळून टाकतो. ते गाळणारेच काढून टाकल्यावर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला, आवाज कसा येतो, ते ज्याने ऐकले आहे त्यालाच कळेल. दुसरे गाणे संपल्यावर साउंडवाला मिक्सर सोडून चिखलातून मंचापर्यंत आला आणि मला म्हणाला, "भाऊ, तुझ्या लाइनीत माशा घोंगावत्यात. मी तुला खाली घेतलंय." त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. माशा कोणाला हव्या असतात?

सातव्या गाण्यात माझा सोलो होता, आठ बारचा (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन); सगळ्या कार्यक्रमात माझ्या वाट्याला आलेली तेवढीच जागा. मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मला माझी गिटार तशीही येत नव्हती. लीडचा, म्हणजे सोलोचा, पॅच लावायला मी पाय टाकला, बूट ओला होता, तो घसरला आणि शेजारशेजारची दोन्ही बटणे एकदम दाबली गेली. माझ्या त्या प्रोसेसरमध्ये दोन्ही बटणे एकत्र दाबली की ट्यूनर (तारा सुरात जुळवायचे साधन) सुरू होत असे आणि बाहेर जाणारा आवाज बंद होत असे. मला ते कळले नाही. मी डोळे मिटून वाजवीत राहिलो. मध्येच खाली पाहिले, तर छोट्या पडद्यावर मी वाजवलेल्या प्रत्येक सुराचे नाव उमटत होते: इ, जी, ए, पुन्हा जी. काटा मधोमध होता आणि हिरवा दिवा लागला होता. मी एकही सूर चुकत नव्हतो, याची नोंद ते यंत्र इमानाने घेत होते. फक्त तो सूर त्याच्या पोटातच राहत होता. पाचव्या बारला कीबोर्डवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि सोलो उचलला. त्याच्या हाताखाली त्या वेळी सनईचा टोन होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना रात्री एक वाजता आष्ट्याच्या एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कार्यक्रमाला आले होते. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, इंजिनातला दोष ज्या सुरात सांगत त्याच सुरात, राग न धरता, बशीत चहा ओतत ते म्हणाले, "गिटार दिसली रे. ऐकू आली नाही."

त्यानंतर दोन वर्षे मी तुम्हा सर्वांना सांगत होतो की प्रोसेसर घेऊ नका, एक ओव्हरड्राइव्हचे पेडल आणि एक बरा अँप घ्या, सगळी दुनिया तेवढ्यात सामावते. मी ते मोठ्या तोऱ्यात सांगत असे. खोक्याच्या मागे लपणारा वादक म्हणजे वादकच नव्हे, असेही मी एकदा एका मुलाला बोललो आणि तो नंतर क्लासला आला नाही. तो हे वाचत असेल तर त्याने समजून घ्यावे की ते बोलणे त्याला नव्हते. मी स्वतः जुना अँप आणला, तो उचलून माझी कंबर धरली, एसटीत कंडक्टरशी सामानाच्या तिकिटावरून हुज्जती घातल्या, आणि मंचावर त्या अँपसमोर लावलेल्या माईकमध्ये माझ्यापेक्षा शेजारचा ऑक्टोपॅडच जास्त शिरत असे, ही गोष्ट मी कोणाला कळू दिली नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा तालमीची खोली बुडाली आणि अँप तिच्यात होता. प्रोसेसर मिरजेत माझ्या घरी माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. विचार करून मी माझे मत बदलले, असा दावा मला करता येणार नाही. ते पुराने बदलले.

माळ्यावरून खोके काढल्यावर मात्र मी एक काम नीट केले. एका दुपारी साउंडवाल्याला चहा-भजी देऊन त्याचे मोठे स्पीकर गोडाऊनमध्ये लावायला लावले आणि त्या सात रात्रींचे आवाज कार्यक्रमाला असतात तितके मोठे करून ऐकले. ते ऐकवत नव्हते. खर्ज बास गिटारच्या पायात येत होता, वरची धार झांजांत मिसळून कानाला बोचत होती, आणि गिटार ज्या मधल्या पट्ट्यात बोलते तिथे मी स्वतःच्या हाताने खड्डा खणून ठेवला होता. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते पुढे येतात. मी रात्री हळू आवाजात जे भरून काढीत होतो, ते मैदानावर दुप्पट होऊन येणारच होते.

मिरजेत राहून हे मला उशिरा कळावे, याचे मला विशेष वाईट वाटते. सतारमेकर गल्लीत तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून झंकार जुळवायला, घेऊन जा, कारागीर आधी विचारतो, "पट्टी कोणती?" काळी एकला गाणार की काळी चारला, हे कळल्याशिवाय तो घोडीला कानस लावत नाही. मग घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. म्हणून तुम्ही "कोणता घेऊ?" विचारलेत की मी "वाजवणार कुठे?" असे उलट विचारतो. तुम्हाला ते उत्तर टाळणे वाटते. कधी कधी ते तसे असतेही.

आता चार आवाजांविषयी. एक साफ, एक जुन्या हिंदी गाण्यांसाठी कोरस (एकाच सुराच्या दोन प्रती मिसळल्यासारखा परिणाम) दिलेला साफ, एक थोडा फाटलेला, आणि एक लीडचा, जो बाकीच्यांहून तीन डेसिबल मोठा आहे. चारांहून जास्त आवाजांची पातळी मला मैदानावर सांभाळता येत नाही. एका पॅचवरून दुसऱ्यावर गेलो आणि गिटार अचानक दुप्पट झाली की गायिका वळून पाहते आणि तिचे पाहणे मला सोसत नाही. शिवाय बऱ्याच स्वस्त प्रोसेसरमध्ये पॅच बदलताना आवाज क्षणभर तुटतो आणि मागचा डिले, म्हणजे प्रतिध्वनी, कापला जातो. म्हणून गाण्याच्या मध्यात मी पॅच बदलतच नाही. त्याच पॅचमधला ओव्हरड्राइव्ह तेवढा चालू-बंद करतो. हे ज्यात पायाने, न वाकता करता येते तो प्रोसेसर घ्यावा, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. डिलेचा हिशेबही असाच: मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा पाऊण भाग ३७५, पण आमचा ऑक्टोपॅडवाला रंगात आला की १२० ची लय १२६ होते, म्हणून मी डिले जेमतेम जाणवेल इतकाच ठेवतो. रिव्हर्ब नाट्यगृहात बंद. अडॅप्टर मात्र त्याच यंत्राचा वापरा. बहुतेक प्रोसेसरच्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन आतून ऋण असते आणि बऱ्याच कीबोर्डची आतून धन. ती पिन खुशाल बसते, हाच घोटाळा आहे.

तुम्ही म्हणाल, मग त्या रात्री चूक तुमची, खोक्याची नव्हे. माझे उत्तर दिवसागणिक बदलते. माहितीपुस्तिका मी वाचली नव्हती, हे खरे. पण दोन बटणे इतकी जवळ असावीत की ओला बूट दोन्हींवर पडावा, आणि आवाज बंद झाल्याची खूण म्हणून फक्त सुराचे नाव दिसावे, ही रचनाही मला कबूल नाही. शिवाय तीन बटणांचा प्रोसेसर त्याच दुकानात, त्याच फळीवर, अडीच हजारांनी महाग होता आणि त्यात आवाज कमी होते. तो मी हातात घेऊन परत ठेवला होता.

येत्या कोजागिरीला आमचा कार्यक्रम आहे, पुन्हा एका शाळेच्या मैदानावर. साउंड दुपारी चार वाजता लागेल आणि मला पंधरा मिनिटे दिली आहेत. त्या पंधरा मिनिटांत चार आवाज तपासायचे आहेत. खरे म्हणजे पाच. पाचवा मी परवा रात्री केला, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून.