मराठी नोंदींसाठी ऑब्सिडियनचं प्लगइन: कोड लिहिण्यापासून यादीत लागेपर्यंत

ऑब्सिडियन या नोंदी ठेवण्याच्या ॲपमध्ये 'दुसऱ्या' शोधलं आणि डोळ्यांसमोर असलेली नोंदच निकालात आली नाही, तर दोष बहुतेक वेळा सर्चचा नसतो. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द स्क्रीनवर जुळ्या भावांसारखे दिसतात, पण पहिल्याची लांबी ७ युनिकोड अक्षरं आहे आणि दुसऱ्याची ८. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू ०९३१) आणि हलंत आहे. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आहे. र खाली नुक्ता देऊन बनवलेला तिसरा प्रकारही सापडतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की सरळ ऱ मिळतो. काही फोनेटिक कळफलक आणि जुन्या फॉन्टांचे कन्व्हर्टर मात्र जॉइनरवाला प्रकार देतात.

दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसून फोनवर टिपलेली नोंद, गिरगावातल्या डीटीपीवाल्याकडून युनिकोडमध्ये बदलून आलेला मजकूर आणि महापालिकेच्या पीडीएफमधून उचललेला परिच्छेद एकाच व्हॉल्टमध्ये (ऑब्सिडियनच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये) आले की ही खिचडी होतेच. 'आणि'च्या जागी अ आणि काना जोडून बनलेला 'अाणि', 'ऑफिस'च्या जागी 'आॅफिस', 'ॲप'च्या जागी 'अॅप' हेही त्यातलेच. हे सगळं एका रूपात आणणारं प्लगइन (ॲपला जोडायचा छोटा प्रोग्राम) मी लिहिलं आणि ऑब्सिडियनच्या कम्युनिटी यादीत लावलं, त्याचा हा हिशोब.

सुरुवातीची मांडणी सोपी आहे. ऑब्सिडियनने गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर नमुना प्लगइनची रेपॉझिटरी (कोडचा संच) टेम्प्लेट म्हणून ठेवली आहे. तिच्यावरून स्वतःची रेपॉझिटरी बनवायची आणि ती चाचणीसाठी केलेल्या वेगळ्या व्हॉल्टच्या डॉट-ऑब्सिडियन फोल्डरमधल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये क्लोन करायची. मग एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-साधनाच्या दोन कमांड: एनपीएम इन्स्टॉल, एनपीएम रन डेव्ह. टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेलं सगळं ईएसबिल्ड एका मेन डॉट जेएस फाइलमध्ये बांधतं. त्याच्या जोडीला प्लगइनचं नाव, आवृत्ती वगैरे सांगणारी मॅनिफेस्टची जेसन फाइल आणि लागलीच तर स्टाइल्सची सीएसएस फाइल, बस्स. हॉट रीलोड नावाचं प्लगइन टाकलं तर प्रत्येक बदलानंतर प्लगइन बंद-चालू करण्याचा त्रास वाचतो. रोजच्या वापरातला व्हॉल्ट चाचणीला घेऊ नका, विशेषतः फाइली बदलणारं प्लगइन असेल तर.

मजकूर बदलण्याचं काम मी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. तिच्यात ऑब्सिडियनचं काहीही इम्पोर्ट होत नाही. याला कारण आहे. एनपीएमवरच्या ऑब्सिडियन पॅकेजमध्ये फक्त टाइप्स असतात, चालणारा कोड नसतो. ते इम्पोर्ट करणारी फाइल टेस्टमध्ये चालवायला गेलं की टेस्ट तिथेच आडवी होते. शुद्ध फंक्शन वेगळं असलं की 'हे आत, हे बाहेर' असा तक्ता बनवून सगळे नियम काही सेकंदांत तपासता येतात.

नियम लिहिताना जावास्क्रिप्टचं तयार नॉर्मलाइझ फंक्शन वापरून मोकळं व्हावंसं वाटतं. एनएफसी (अक्षर आणि चिन्ह जोडून एकसंध करणाऱ्या) प्रकारात ते नुक्तावाल्या र चा ऱ बरोबर करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हातही लावत नाही. अ वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' आणि एकसंध 'ॲ' (यू ०९७२) हेही युनिकोडच्या लेखी समान नाहीत. उलट उर्दू गझलांच्या नोंदींमधल्या एकसंध नुक्तावाल्या ज़ आणि फ़ चे ते दोन-दोन तुकडे करतं. दिसायला फरक पडत नाही, पण न सांगता बदल झालेला असतो. म्हणून नियम हातानेच लिहिले: र, हलंत, जॉइनर आणि पुढे य किंवा ह आला तरच ऱ करायचा. दुसऱ्या, वाऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड हे सगळे त्यात बसतात. सरसकट जॉइनर काढून टाकणं धोक्याचं आहे. कुणी मुद्दाम सुटा दाखवलेला 'क्‍ष' त्याने जोडला जातो आणि कुटुंबाच्या इमोजीचे आईबाप-मुलं वेगळे होतात.

साध्या 'र्य'ला मात्र हात लावायचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. टंकणाऱ्याला कुठला हवा होता ते यंत्राला कळणार नाही. 'सगळे रफार तपासून द्या' अशी मागणी वापरणारे करतात, पण ते शुद्धलेखन तपासनिसाचं काम आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रांमध्ये) दोन खड्डे आहेत. पहिला, शब्दाची हद्द दाखवणारं बॅकस्लॅश-बी फक्त रोमन अक्षरं आणि अंक ओळखतं. देवनागरीत ते भलत्या जागी लागतं किंवा लागतच नाही. त्याऐवजी यू फ्लॅग लावून युनिकोडचे गुणधर्म वापरायचे आणि त्यात 'अक्षर' या वर्गासोबत 'मार्क' हा वर्ग घ्यायचाच, नाहीतर काना-मात्रा शब्दाबाहेर पडतात. दुसरा खड्डा लुकबिहाइंडचा, म्हणजे आधी काय आलंय ते तपासणाऱ्या खुणेचा. आयओएस १६.४ च्या आधीच्या आयफोनवर ते चालत नाही आणि न चालणं म्हणजे तेवढी एक ओळ नव्हे, सिंटॅक्स एररमुळे अख्खं प्लगइन लोड होत नाही. यादीत घेण्याआधीच्या रिव्ह्यूमध्येही यावर बोट ठेवलं जातं. आणखी एक सवय: जॉइनर कोडमध्ये अक्षरशः टाइप करू नका, यू-एस्केप (त्याचा युनिकोड क्रमांक) लिहा. न दिसणारं अक्षर रिव्ह्यू करणाऱ्यालाही दिसत नाही.

आता फाइली. इथे खरी जोखीम आहे, कारण कोड तुमचा असला तरी नोंदी दुसऱ्याच्या असतात.

उघडी असलेली नोंद बदलायची तर एडिटरच्या एपीआयमधून बदला. सगळे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये गेले की कर्सर जागेवर राहतो आणि एका कंट्रोल-झेडने सगळं मागे येतं. उघड्या नसलेल्या नोंदींसाठी व्हॉल्टचं प्रोसेस फंक्शन आहे. ते वाचणं आणि लिहिणं एकत्र करतं, त्यामुळे मधल्या क्षणी सिंकने किंवा दुसऱ्या प्लगइनने केलेला बदल पुसला जात नाही. त्याच्या कॉलबॅकमध्ये असिंक काम चालत नाही. तिथे कंट्रोल-झेडही नाही, फाइल रिकव्हरीवर भिस्त ठेवावी लागते. मूळ सेटिंगमध्ये ती ५ मिनिटांच्या अंतराने प्रती घेते आणि ७ दिवस ठेवते. म्हणून पूर्ण व्हॉल्टच्या कमांडला मी आधी यादी दाखवायला लावलं: कुठल्या फाइलमध्ये किती जागा बदलतील. 'पुढे जा' दाबल्याशिवाय काहीही लिहिलं जात नाही. ज्या फाइलीत बदल नाही ती उघडून पुन्हा लिहायचीही नाही, नाहीतर 'शेवटचा बदल' या क्रमाने नोंदी लावणाऱ्यांची सगळी उतरंड कोसळते.

वगळायच्या जागा: कोडचे भाग, वरचा प्रॉपर्टीजचा भाग आणि लिंकच्या कंसातले पत्ते. मराठी विकिपीडियाचा पत्ता देवनागरीत चिकटवलेला असेल आणि त्यातला ऱ बदलला, तर लिंक भलत्याच पानावर जाऊ शकते. या जागा शोधायला मेटाडेटा कॅशमध्ये (फाइलींच्या रचनेबद्दल ऑब्सिडियनने साठवलेल्या माहितीत) प्रत्येक भागाचा प्रकार आणि ठिकाण मिळतं, पण फाइल नुकतीच बदललेली असेल तर ती ठिकाणं शिळी असू शकतात. प्रोसेसच्या आत हातात आलेल्या मजकुरावरच ती पुन्हा शोधणं जास्त भरवशाचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फाइलींच्या नावांनी. समजा नोंदीचं नाव जॉइनरवालं आहे आणि दुसऱ्या नोंदीत त्याच नावाची दुहेरी कंसातली लिंक आहे. आधी मजकूर शुद्ध केला तर लिंकमधलं नाव नव्या रूपात जातं, फाइल जुन्याच रूपात राहते आणि लिंक फिकी पडते. क्लिक केलं की त्याच नावाची, डोळ्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी नोंद तयार होते. म्हणून क्रम असा: आधी नावं, मग मजकूर. नाव बदलायला व्हॉल्टचं रीनेम वापरायचं नाही, त्याला लिंकांशी देणंघेणं नसतं. फाइल मॅनेजरमधलं रीनेम-फाइल लिंकाही दुरुस्त करतं. पण अंतर्गत लिंका आपोआप अपडेट करण्याचं सेटिंग बंद असेल तर ते वापरणाऱ्याला विचारत बसतं, त्यामुळे आधी ते चालू करायची सूचना द्यावी. फक्त मार्कडाउन फाइली घेऊन भागत नाही. फोटो, पीडीएफ, ऑडिओ आणि फोल्डरांनाही मराठी नावं असतात. फोल्डर आतून बाहेर या क्रमाने घ्यावेत, नाहीतर यादीतले पत्ते मध्येच बदलतात. आणि एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रूपांच्या फाइली आधीच असल्या तर? रीनेम अडतं आणि अडायलाच हवं. अशा जोड्या प्लगइन वेगळ्या दाखवतं, एकत्र करायच्या की नाही ते माणसाने ठरवायचं.

फोनवर चालवून पाहणं टाळू नका. डेस्कटॉपच्या कन्सोलमध्ये मोबाइलची नक्कल करता येते, पण ती फक्त दिसण्याची. नोडची फाइल सिस्टिम किंवा इलेक्ट्रॉन वापरलं असेल तर नकलेत सगळं गोड चालतं आणि खऱ्या फोनवर प्लगइन उघडतच नाही. माझ्या कामाला ती लागत नव्हती. लागत असतील तर मॅनिफेस्टमध्ये 'फक्त डेस्कटॉप' असं खरं खरं लिहा. मुंबईत बरेच जण नोंदी लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून करतात. त्यांच्यासाठी कमांड फोनच्या टूलबारवर लावता येईल इतकी सुटसुटीत हवी. वापरून पाहणाऱ्यांना चाचणीची आवृत्ती द्यायला ब्रॅट हे प्लगइन बरं. त्यात रेपॉझिटरीचा पत्ता टाकला की झालं, फाइली हाताने कॉपी करायला नकोत.

यादीत नाव लावायची, मी पाठवलं तेव्हाची पद्धत अशी होती. रेपॉझिटरीत परवाना, वाचा-फाइल (रीडमी) आणि मॅनिफेस्ट हवं. वाचा-फाइलमध्ये मी वर इंग्रजी, खाली मराठी ठेवलं. मॅनिफेस्टमधल्या आयडीत ऑब्सिडियनचं नाव चालत नाही. वर्णन २५० अक्षरांच्या आत, शेवटी पूर्णविराम, इमोजी नको. मग गिटहबवर रिलीज करायचं. टॅग आणि मॅनिफेस्टमधला आवृत्ती क्रमांक तंतोतंत एकच हवा. टॅगच्या सुरुवातीला सवयीने 'व्ही' लागतो आणि तपासणी तिथेच नापास होते. एनपीएमच्या सेटिंगमध्ये टॅगचा उपसर्ग रिकामा ठेवला की प्रश्न मिटतो. फाइली झिपमध्ये नव्हे, सुट्या जोडायच्या. गिटहब ॲक्शनने रिलीज ड्राफ्ट म्हणून बनवलं असेल तर ते प्रसिद्धही करावं लागतं. ड्राफ्ट तुम्हाला दिसतो, बाकी कुणाला नाही.

यानंतर ऑब्सिडियनच्या रिलीजेस रेपॉझिटरीतल्या प्लगइनांच्या जेसन यादीत अगदी तळाशी आपली नोंद घालून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) करायची. आयडी, नाव, लेखक, वर्णन मॅनिफेस्टशी जुळायला हवं आणि आधीच्या नोंदीनंतरचा स्वल्पविराम द्यायला विसरू नये. आधी बॉट तपासतो, मग माणूस. माणसाकडून येणारे शेरे ठरलेले असतात: इनर-एचटीएमएलऐवजी क्रिएट-एल वापरा, नमुन्यातली क्लासची नावं बदला, कमांडला स्वतःहून हॉटकी देऊ नका, कन्सोलवर बडबड नको, ग्लोबल ॲपऐवजी प्लगइनचं ॲप वापरा. हे आधीच निस्तरून पाठवलं तर फेऱ्या वाचतात. दुरुस्ती झाली की क्रमांक वाढवून नवं रिलीज करायचं आणि त्याच पुल रिक्वेस्टवर कळवायचं. दुसरी उघडली की रांगेत गोंधळ होतो. यादी सतत बदलत असल्याने कॉन्फ्लिक्ट दिसतो, तो नंतर तिकडूनच सोडवला जातो.

पुढच्या आवृत्त्यांना पुल रिक्वेस्ट लागत नाही. ॲप मुख्य ब्रँचवरचं मॅनिफेस्ट वाचतं आणि त्या क्रमांकाचं रिलीज शोधतं. त्यामुळे क्रमांक आधी वाढवून रिलीज नंतर कधीतरी करू नये, मधल्या वेळात नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना ते मिळत नाही.

यादीत लागल्यावर सर्वात जास्त मागणी आली ती श्रीलिपी आणि तत्सम जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोड करण्याची. ती मी घेतलेली नाही. त्या फॉन्टांत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नसतातच, कुठल्या चिन्हाचा अर्थ काय हे फॉन्ट ठरवतो आणि मार्कडाउन फाइलमध्ये फॉन्टचं नावच नसतं. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा आणि मग व्हॉल्टमध्ये आणावा. त्यातून राहिलेले 'अाणि' आणि जॉइनर पुढे प्लगइन उचलतं.