रॉडचं गणित मोटारीला लावू नका

जिंतूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो, लाईट डिम होते आणि जळक्या मोटारी यायला लागतात. घेऊन आलेल्या शिकलेल्या पोराचा सवाल ठरलेला: "काका, व्होल्टेज कमी तर करंट बी कमी. मग वायंडिंग (मोटारीतलं तारेचं गुंडाळं) जळालं कसं?"

पोरगं शाळेत शिकलंय तेच बोलतंय. ओहमनं १८२७ साली मांडलेला नियम: व्होल्टला अँपिअरनं (म्हणजे करंटनं) भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारी अडवणूक, ओहममध्ये येते. गुणलं की वॅट. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या रॉडवर हे चोख बसतं. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे रोध ३५ ओहम. तापला तरी हा रोध फारसा बदलत नाही. (पिवळ्या बल्बचा बदलतो. १०० वॅटचा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास, पेटला की पाचशेच्या वर.) आता लाईट १८० व्होल्टवर आली की रॉडचा करंट ५.१ अँपिअर आणि वॅट ९२० च्या घरात. व्होल्टेज उतरलं, सोबत करंटही उतरला, म्हणून वॅटला दुहेरी फटका. पाऊण तासात तापणारं पाणी सव्वा तास घेतं. रॉडला मात्र काही होत नाही.

आता कडबा कुट्टीची (चारा कापायच्या यंत्राची) दोन एचपीची सिंगल फेज मोटार घ्या. वायंडिंगला मीटर लावला तर रोध दोन ओहम निघतो. सूत्रानं करंट यायला पाहिजे ११५ अँपिअर! मोटार चालू असताना वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर दाखवतो अकरा. कारण रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) फिरायला लागला की मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट अडवून धरते. २३० गुणिले अकरा म्हणजे अडीच हजार, पण खरे वॅट दोन हजाराच्या आसपासच भरतात. व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला जेवढा हिस्सा खऱ्या वॅटचा, तो पॉवर फॅक्टर; मोटारीला तो बघावा लागतो, रॉडला त्याची फिकीर नसते.

आणि कडबा काही लाईट बघून मऊ होत नाही. काम तेवढंच ओढायचं, व्होल्टेज १८०, मग रोटर जरा मागं पडतो, अडवण ढिली होते आणि करंट चौदावर जातो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते: अकराचा वर्ग १२१, चौदाचा १९६. दीडपटीहून जास्त. तारेवरचं वार्निश (तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होऊ न देणारा थर) किती दम धरणार?

दर वेळी डीपीलाच शिव्या देऊ नका. आखाड्यापर्यंत (शेतातल्या गोठ्यापर्यंत) शंभर मीटर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली असेल तर जाऊन-येऊन दोनशे मीटर होते. तिचा रोध दीड ओहम. अकरा अँपिअरला सोळा व्होल्ट वायरीतच जिरले, चौदाला एकवीस. चार स्क्वेअरची घेतली असती तर हेच नुकसान अकरा अँपिअरला दहा व्होल्टवर आलं असतं. पण वायर घेताना सगळे भाव बघतात, जाडी कोणी विचारत नाही.

मग लोक मोटार बंद ठेवून व्होल्टेज मोजतात आणि सांगतात, "फुल २३० हायेत की!" करंटच वाहत नाही तर वायरीत व्होल्ट पडणार कुठून? वायरमनला बोलवा, कुट्टीत कडबा घाला आणि चालू मोटारीच्या टर्मिनलवर मोजायला सांगा.