लढाऊ विमानाची ‘प्रति नग किंमत’ : माझा अनुभव

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला, ऑर्डर द्यायची, हे रोजचंच काम. म्हणून वाशीला संरक्षणशास्त्राच्या पदविकेत ‘छोट्या देशासाठी मर्यादित पैशांत लढाऊ विमान’ हा प्रकल्प वाट्याला आला तेव्हा म्हटलं, हे तर आपलंच खातं. देश काल्पनिक, बेटांचा. जुनी विमानं मोडीत निघालेली आणि हाताशी १ अब्ज डॉलर. पुढे सगळं अडलं ते प्रकल्पाच्या प्रपत्रातल्या एका रकान्यापाशी : ‘प्रति नग किंमत’.

माझे पर्याय तीन : दक्षिण कोरियाचं नवं एफए-५०, अमेरिकेचं एफ-१६ आणि भाड्यानं स्वीडनचं ग्रिपेन. फिलिपिन्सनं २०१४ मध्ये १२ एफए-५० साठी सुमारे ४२ कोटी डॉलरचा करार केला. २०२५ मध्ये आणखी १२ मागवली, ती सुमारे ७० कोटींना. नाव तेच (आवृत्ती सुधारित), संख्या तीच. रकान्यात कोणता आकडा टाकायचा? बल्गेरियानं २०१९ मध्ये ८ नवी एफ-१६ सुमारे सव्वा अब्ज डॉलरला ठरवली. भागाकार केला तर एक नग पंधरा कोटींच्या वर जातो, पण त्या रकमेत नुसती विमानं नाहीत, बाकीचा लवाजमाही आहे. आणि चेक प्रजासत्ताकानं २००५ पासून १४ ग्रिपेन भाड्यानंच ठेवली आहेत. तिथे नगाची किंमत येणार कुठून? मी ‘लागू नाही’ लिहिलं आणि अर्ज परत आला.

“रकाना असा ठेवता येत नाही. आकडा टाका,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“अहो मॅडम, भाड्याच्या वस्तूला विक्रीची किंमत कशी टाकू?”

“मग विकतचं विमान निवडा ना!”

सही करणारे सर परीक्षेच्या ड्यूटीवर. ते असले की बाई नसत, दोघं असले की जेवणाची सुट्टी. ठाणे-वाशी लोकलचे धक्के खात जायचं आणि बाकावर बसायचं. तिथेच बसून वाचलं की फेब्रुवारी २०१४ मध्ये इथिओपियाचं अपहरण झालेलं प्रवासी विमान पहाटे जिनिव्हाला उतरलं, तेव्हा सोबतीला फ्रान्स-इटलीची लढाऊ विमानं होती, कारण स्विस हवाई दल तेव्हा फक्त कार्यालयीन वेळेत उडायचं. मधली जेवणाची सुट्टी धरून! त्या बाकावर मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही.

संताप याचा, की जो रकाना खरंच हवा तो प्रपत्रात नाहीच : परवानगी कुणाची लागणार? क्रोएशियानं २०१८ मध्ये इस्रायलची १२ वापरलेली एफ-१६ पसंत केली. अमेरिकेनं अडवलं आणि २०१९ च्या जानेवारीत व्यवहार बारगळला. शेवटी २०२१ मध्ये त्यांनी फ्रान्सकडून १२ वापरलेली राफेल घेतली, सुमारे १ अब्ज युरोला. अर्जेंटिनाला एफए-५० हवी होती, पण त्यात ब्रिटिश सुटे भाग, आणि दोघांत झालेल्या फॉकलंड बेटांच्या लढाईपासून ब्रिटन त्यांना असं काही देत नाही. २०२४ मध्ये त्यांनी डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली, कारण तिथे अमेरिकेचाच आशीर्वाद होता. एफए-५०, आपलं तेजस आणि ग्रिपेनची जुनी आवृत्ती, तिघांच्या पोटात अमेरिकेच्या एफ-४०४ च्याच घराण्यातलं इंजिन आहे. म्हणजे कोटेशनं तीन देशांची, पण शेवटचा शिक्का वॉशिंग्टनचा. हे लिहायला प्रपत्रात एक ओळ नाही!

हो, एक राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी ठरवायचं : विमान हवंच का? न्यूझीलंडनं एफ-१६ भाड्यानं घेण्याचा करार रद्द केला आणि २००१ मध्ये लढाऊ विमानांचं पथकच मोडलं. बाल्टिक देशांचं आकाश २००४ पासून नाटोची मित्रराष्ट्रं पाळीपाळीनं राखतात. पण माझ्या बेटाला असा मित्र नव्हता.

सुटका कशी झाली ते सांगते. ऑफिसातली युक्ती वापरली. तिन्ही पर्यायांपुढे त्या रकान्यात ‘जोडपत्र अ पाहा’ लिहिलं आणि जोडपत्रात विमान, शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण, इंधन असा वीस वर्षांचा हिशेब वर्षवार मांडला. कारखान्यात साधा कॉम्प्रेसर घेतला तरी एएमसी (वार्षिक देखभाल करार) धरतात, इथे तर आयुष्यभराची देखभाल. रकाना ‘भरलेला’ दिसल्यावर बाईंनी लगेच शिक्का मारला. आत काय आहे ते पाहिलंही नाही.

निवड केली १२ एफए-५० ची, उरलेला पैसा उड्डाणांसाठी राखून. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न अर्थातच “तेजस का नाही?” इंजिनं उशिरा आल्यानं आपल्याच हवाई दलानं २०२१ मध्ये मागवलेली ८३ रखडली, मग त्या बेटाचा नंबर कधी लागणार, असं म्हटल्यावर परीक्षक हसले. तेजसचं उत्तर तयार ठेवाच. आणि जोडपत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून पोच घ्या, कारण आतल्या टेबलावर मूळ प्रत सापडेलच असं नाही.