मोजून आणलेली माणसं

टूर मॅनेजरचं काम मुळात डोकी मोजण्याचं. सकाळी हॉटेलच्या दारात, जेवणानंतर, गाडी सुटण्याआधी. जेवढी नेली तेवढी परत आणायची, बाकी सगळं नंतर. 11 वर्षं मी मराठी मंडळींना युरोप दाखवतोय आणि ब्रसेल्समध्ये दरवेळी अटोमियम या मोठाल्या गोळ्यांच्या उंच वास्तूखाली ग्रुप फोटो काढतोय.

गेल्या जूनमध्ये ग्रुपमध्ये साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मोकळ्या दुपारी बाकीचे चॉकलेटं घ्यायला पांगले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मला टर्व्हुरेनला जायचंय. येशील का सोबत?"

टर्व्हुरेन हे ब्रसेल्सबाहेरचं गाव; 44 नंबरची ट्राम जंगलाच्या कडेने तिकडे जाते. वाटेत बाई सांगत होत्या, मी ऐकत होतो. 1897 च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने आफ्रिकेतल्या काँगोतून 267 माणसं आणवली. काँगो तेव्हा बेल्जियमचा नव्हता, त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता. टर्व्हुरेनच्या बागेत झोपड्या उभारून या माणसांना तिथे दिवसभर वावरायला लावलं, तळ्यात होड्या वल्हवायला लावल्या. बघायला 10 लाखांहून जास्त लोक आले. ते खायला फेकायचे. माणसं आजारी पडू लागली तेव्हा पाटी लागली, की यांना काही घालू नका, समिती त्यांना खाऊ घालते. प्राणिसंग्रहालयात असते तसली पाटी! त्यात उन्हाळा गार आणि पावसाचा निघाला. सात जण तिथेच दगावले.

"मोजून आणली होती ना," बाई म्हणाल्या, "मग मोजून परत नको न्यायला?"

मला उत्तर देता आलं नाही.

बागेजवळच्या आफ्रिका संग्रहालयात एका भिंतीवर काँगोत मेलेल्या 1508 बेल्जियनांची नावं कोरलेली आहेत. समोरच्या काचांवर फ्रेडी त्सिम्बा या काँगोच्या कलावंताने या सात जणांची नावं आणली आहेत. ऊन आलं की त्यांची सावली त्या भिंतीवरच्या नावांवर पडते. त्या दुपारी ऊन होतं. बाईंनी हात पुढे केला, तर अक्षरं त्यांच्या तळहातावर आली. त्या बराच वेळ हात तसाच धरून उभ्या होत्या.

मग चर्च. त्या सात जणांना सुरुवातीला चर्चच्या पवित्र जमिनीत जागासुद्धा मिळाली नव्हती. आता चर्चच्या भिंतीलगत ओळीने सात शिळा आहेत. बाईंनी चष्मा पुसला आणि हजेरी घ्यावी तशी मोठ्याने नावं वाचली. एकिया, गेम्बा, कितुक्वा, म्पेया... इथे अडखळल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. झाओ, सांबा, मिबांगे.

रात्री हॉटेलवर मी वाचत बसलो. अटोमियम ज्या 1958 च्या प्रदर्शनासाठी बांधलं, त्यातही काँगोचं गाव मांडलं होतं. तिथल्या माणसांवर बघणारे केळी फेकत होते. अपमान सहन न होऊन ती माणसं प्रदर्शन संपायच्या आतच मायदेशी परतली. 1958 म्हणजे माझे वडील शाळेत जात होते तेव्हा. आणि मी त्याच जागी उभं राहून 11 वर्षं लोकांना "जरा हसा" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळे अटोमियमखाली रांगेत उभे राहिले. मी कॅमेरा खाली ठेवला आणि आधी हे सांगितलं, 1958 चंही आणि 1897 चंही. मागून कुणीतरी विचारलं, "त्या सात जणांची नावं काय होती?"

मी बाईंकडे पाहिलं. "तू सांग," त्या म्हणाल्या.

मला पाच आठवली. उरलेली दोन बाईंनी सांगितली.